बैल खरा, पावती खोटी

दुकानदाराने तो बैल माझ्या तळहातावर ठेवला आणि माझा हात खाली गेला. जेमतेम चार इंचांचा जीव, पण अंगाने भरीव, अर्ध्या किलोच्या वजनासारखा. पाय पोटाखाली दुमडून बसलेला, मान किंचित उजवीकडे वळलेली, एक शिंग टोकाला झिजलेलं. पाठ सरळ. वशिंड नाही हे आधी खटकलं, मग लक्षात आलं की हा आपल्याकडचा नव्हेच. शेजारच्या पुठ्ठ्यावर टाइप केलं होतं: कांस्य बैल, मेसोपोटेमिया, इ.स.पू. तिसरं सहस्रक, खाजगी संग्रहातून. किंमत चार हजार आठशे पौंड. मेसोपोटेमिया म्हणजे मुख्यतः आजचा इराक.

ही २०१८ च्या ऑक्टोबरची गोष्ट. कामासाठी मध्य लंडनमध्ये गेले होते, पावसाने गाठलं म्हणून आडोशाला एका दुकानाच्या दारात उभी राहिले आणि काचेतून तो दिसला. एरवी मी असल्या दुकानाची पायरी चढणारी नाही. पण धातूची वस्तू दिसली की माझे पाय आपोआप वळतात, त्याला इलाज नाही.

मी पुण्याची, कसब्यातल्या तांबट आळीची. आमच्या घरात सकाळ उजाडायची ती ठोक्यांनी. आजोबा बंब, घंगाळं, हंडे घडवायचे. मठारकाम म्हणजे पत्र्यावर हातोडीचे ठसे एकसारखे, एकाला एक लागून उठवत जायचे. एक ठोका चुकला की अख्खं भांडं बोंब मारतं, असं ते म्हणत. ओतकाम आमचं नव्हे, ते ओताऱ्यांचं. पण देवघरातला नंदी ओतीव होता आणि तो घासायचं काम माझ्याकडे असायचं. पितळ आणि कासं यांतला फरक मला शाळेत जायच्या आधीपासून कळायचा. काशाची वाटी वाजवली की नाद लांबतो, पितळेचा लवकर मरतो. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या आणि नंदी धाकट्या काकांकडे गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

१९९१ साली लग्न होऊन लंडनच्या कडेच्या हॅरोला आले. पुढे एका स्थानिक कौन्सिलच्या हिशेब खात्यात लागले, तेव्हापासून पुरवठादारांची बिलं तपासते. तांबटाची लेक आणि बिलं तपासणारी कारकून, दोन्ही गोष्टी या प्रकरणात कामाला आल्या. दुसरी जास्त.

दुकानदार बोलायला गोड. त्याने मला भिंग दिलं, दिवा जवळ ओढला. अंगावर हिरवा थर होता, कुठे गर्द, कुठे फिकट, आणि जिथे तो टवका उडाल्यासारखा निघाला होता तिथे खाली लालसर. मानेखालच्या वळीत आणि एका कानाच्या खोबणीत पिवळट माती घट्ट बसलेली. उलटा करून पाहिला तर पोटाखाली बोटाएवढ्या जाडीचा एक खुंट होता, मोडलेला. मोडलेली जागाही हिरवी पडली होती, म्हणजे मोड जुनी. हे काय, विचारलं तर म्हणाला, बैठकीत रोवायला ठेवलेला पाय असेल. मी मान हलवली. फोनवर चारपाच फोटो घेतले, त्यातला एक त्या खुंटाचा.

मग त्याने सहज सांगावं तसं सांगितलं की २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पाच हजार वर्षांपूर्वीची एक सिंहीण, तीसुद्धा दगडाची आणि जेमतेम सव्वातीन इंचांची, पाच कोटी सत्तर लाख डॉलरांच्या वर गेली. ही गोष्ट खरी आहे, मी नंतर पडताळली. त्या मानाने आमचा बैल फुकटच होता. ‘आमचा’ म्हणायला मी केव्हा लागले ते मला आठवत नाही.

दहा टक्के भरले तर तीन आठवडे कोणाला दाखवणार नाही, म्हणाला. मी चारशे ऐंशी पौंड भरून घरी आले. हे म्हणाले, “तेवढ्या पैशांत सांगोल्याच्या बाजारात खिल्लारी जोडी येईल, आणि ती चालेलसुद्धा.”

तीन आठवडे हातात होते. पहिला प्रश्न अर्थात हाच, की बैल खरा का खोटा.

भरीव ओतीव वस्तूचं वय सांगणं कठीण असतं. मूर्ती पोकळ असेल तर ओतताना आतला मातीचा गाभा तापतो आणि त्यातला थोडा आतच अडकून राहतो. ती माती शेवटची कधी तापली हे प्रयोगशाळेत काढता येतं, थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात त्याला. भरीव बैलाच्या पोटात माती नसते, त्यामुळे तो रस्ता बंद. उरतो तो धातू. दुकानदाराकडे क्ष-किरण तपासणीचा अहवाल आधीच तयार होता. बारकोड वाचायच्या पिस्तुलासारखं यंत्र वस्तूवर टेकवतात आणि ते पृष्ठभागावर काय काय आहे ते सांगतं. तांबं भरपूर, सोमल म्हणजे आर्सेनिक दीड टक्क्याच्या आसपास, कथील नावापुरतं, जस्त अजिबात नाही.

हा अहवाल मी दोनदा वाचला. जस्त निघालं असतं तर विषय तिथेच संपला असता, कारण तांब्यात जस्त म्हणजे पितळ, आणि इतक्या जुन्या मेसोपोटेमियातल्या वस्तूत पितळ निघालं तर शंका घ्यायलाच हवी. कथील भरपूर असतं तर ते खरं कासं. इथे दोन्ही नाही, सोमल आहे. म्हणजे पुठ्ठ्यावरचं ‘कांस्य’ हे सवयीने लिहिलेलं. हे सोमलमिश्रित तांबं. त्या काळातल्या दक्षिण मेसोपोटेमियात ते वापरात होतंच. तिथे ना तांब्याची खाण, ना कथलाची. सगळं बाहेरून यायचं, तांबं बरंचसं मगान म्हणजे आजच्या ओमानकडून, आखातातून होड्यांनी.

सोमल वाचलं आणि मला दायमाबाद आठवलं. आमच्या वडिलांनी त्या शोधाची कात्रणं जपून ठेवली होती. १९७४ साली नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ओतीव वस्तू मिळाल्या: बैलगाडीसारखा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. सगळं मिळून साठ किलोंहून जास्त धातू. बहुतेक अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या ठरवल्या, पण त्यांच्या धातूत एक टक्क्याहून जास्त सोमल निघाल्यावर एका जाणकाराने काळाबद्दल शंका काढली, कारण त्या काळातल्या आपल्याकडच्या बाकी वस्तूंत तसं सापडत नव्हतं. सांगायचा मुद्दा, धातूचा अहवाल ‘नाही’ म्हणायला फार उपयोगी, ‘हो’ म्हणायला नाही. आणि दायमाबादला निदान जागा माहीत होती, कोणत्या मुळाखाली मिळालं तेही. माझ्या बैलाला जागाच नव्हती.

ओळखीच्या एक बाई आहेत, आयुष्यभर संग्रहालयातल्या धातूच्या वस्तूंची देखभाल आणि डागडुजी केलेल्या, आता निवृत्त. त्यांना मी फोटो दाखवायला गेले. चहा दिला, बिस्किटं दिली, आणि फोन माझ्याकडे परत सरकवला. विक्रीला ठेवलेल्या वस्तूवर मी मत देत नाही, म्हणाल्या, फोटोवरही नाही. आमचं मत उद्या त्या पुठ्ठ्यावर छापून येतं. काय बघायचं ते मात्र सांगते. खरा थर धातूला आतून खात येतो. धातूलगत लाल, त्यावर हिरवा, आणि मातीचे कण त्या हिरव्यात गुंतलेले. खोटा थर रंगासारखा वर बसतो आणि बहुतेकदा डिंकावर चिकटवलेला असतो; नखांचा रंग काढायच्या द्रवाचा बोळा लावला की हातात येतो.

मी म्हटलं, लाल-हिरवं अगदी तसंच आहे, आणि कानात मातीही आहे.

“कानात माती आहे?” त्या जरा थांबल्या. “आणि विकणारा म्हणतो किती वर्षं ती घरात होती?”

तीस.

“तीस वर्षांत कोणी ब्रश फिरवला नाही?”

हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. आमच्या घरात नंदीच्या कानात चिंच राहिली तरी आजी ओरडायची.

दुसरा कागद होता चोरीच्या नोंदींचा. लंडनमध्ये आर्ट लॉस रजिस्टर म्हणून संस्था आहे. चोरीला गेलेल्या कलावस्तूंची मोठी यादी तिच्याकडे असते, पैसे भरून शोध घेता येतो आणि काही न सापडल्यास तसं प्रमाणपत्र मिळतं. दुकानदाराने ते काढलं होतं आणि मला दाखवलंही मोठ्या अभिमानाने. मी खूश. इंटरपोलच्या यादीतही शोधलं, तिथेही नाही. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, यादीत काय असतं? कोणीतरी हरवल्याचं सांगितलेलं. जी वस्तू कोणी कधी पाहिलीच नाही, रात्रीतून जमिनीतून निघाली आणि सकाळी पोत्यात गेली, ती हरवल्याची तक्रार करणार कोण?”

इतकी साधी गोष्ट, आणि मी त्या प्रमाणपत्रावर निम्मी निश्चिंत झाले होते. २००३ च्या एप्रिलमध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं, त्या लुटीची निदान मोजदाद झाली. पंधरा हजारांच्या आसपास वस्तू. अक्कडच्या नराम-सिन राजाच्या काळातला बास्सेत्कीचा तांब्याचा पुतळा, दीडशे किलोंचा, तोसुद्धा उचलून नेला होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो एका शोषखड्ड्यात ग्रीस फासून लपवलेला सापडला. सापडला कारण तो कसा दिसतो हे जगाला माहीत होतं. दक्षिण इराकमधल्या उम्मा, इसिन अशा टेकाडांवर १९९१ नंतर आणि २००३ नंतर जे हजारो खड्डे पडले, त्यांतून काय निघालं याची यादी कुठेच नाही. खणणारे बरेचसे आसपासचेच लोक, इराकवरच्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे पोटाला काही उरलं नव्हतं. त्यांना त्यातले किती मिळाले असतील याचा हिशेब मी मनात करून पाहिला आणि सोडून दिला.

मग मी कायदा वाचायला बसले. हे काम मला जमतं. इराकमध्ये १९३६ च्या कायद्याने जमिनीतल्या पुरावस्तू सरकारच्या मालकीच्या केल्या. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि ६ ऑगस्टला सुरक्षा परिषदेने इराकशी व्यापार बंद केला. २००३ च्या मे महिन्यात परिषदेचा ठराव क्रमांक १४८३ आला. त्यात सगळ्या देशांना सांगितलं होतं की ६ ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर गेलेल्या सांस्कृतिक वस्तूंचा व्यापार होऊ देऊ नका. ब्रिटनने लगेच त्यावर हुकूम काढला, आणि त्यात एक गोष्ट उलटी केली. एरवी गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. इथे वस्तू ज्याच्या हातात आहे त्यानेच दाखवायचं, की ती बेकायदा आल्याचं मला माहीत नव्हतं आणि तसा संशय घ्यायला कारणही नव्हतं.

संशय घ्यायला कारणही नव्हतं. हे वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलं आणि मानेखालची माती आठवली.

एकदा ही तारीख कळली की दुकानांतले पुठ्ठे वेगळेच वाचता येतात. कोणाच्या काकांनी १९६८ मध्ये घेतलेलं, कोणाच्या आजोबांनी १९५५ मध्ये. पुरावस्तूंची चोरटी ने-आण रोखायचा युनेस्कोचा करार १९७० चा, म्हणून एक घोळका त्याच्या आधीचा. दुसरा घोळका १९९० च्या आधीचा. सगळ्यांचे काका नेमके मुदतीआधीच खरेदी उरकून मोकळे झालेले. गिल्गमेश या प्राचीन महाकाव्याच्या नायकाच्या स्वप्नाची ती प्रसिद्ध मातीची पाटी एका अमेरिकी कंपनीला पावणेसतरा लाख डॉलरांना विकली गेली तेव्हा तिच्याबरोबरही असंच एक पत्र होतं: १९८१ च्या एका लिलावात, जुन्या कांस्य तुकड्यांच्या खोक्यात मिळाली म्हणून. पत्र खोटं निघालं, पाटी जप्त झाली आणि २०२१ मध्ये इराकला परत गेली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

माझ्या बैलाची पावती १४ मार्च १९८७ ची होती.

दुकानदाराने तिची प्रत दिली, मूळ कागदही दाखवला. थोडा पिवळा पडलेला, घडीवर मऊ झालेला. वर कधीच बंद पडलेल्या एका दुकानाचं नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं छापील. खाली शाईने: एक कांस्य बैल, निकट पूर्व, साडेतीनशे पौंड. सही. घेणाऱ्याचं नाव काळ्या पट्टीने झाकलेलं, ग्राहकाची गोपनीयता म्हणून. पाहताना काही खटकलं नाही.

खटकलं ते त्याच रात्री, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आमच्या खात्यात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगते, बिल हातात आलं की रक्कम शेवटी बघा. खोटं बिल आकड्यात सहसा सापडत नाही, आकडा तर त्यांनी दहा वेळा तपासलेला असतो. ते मथळ्यात सापडतं. म्हणून सवयीने मथळ्यावर बोट ठेवलं. नाव. रस्ता. फोन: ०७१, पुढे सात आकडे.

०७१.

माझ्या डोळ्यांपुढे आली ती यांची व्हिजिटिंग कार्डं. हे १९८६ साली लंडनला आले आणि हौसेने पाचशे कार्डं छापून घेतली. तेव्हा सगळ्या लंडनचा कोड एकच, ०१. ती कार्डं संपायच्या आत, १९९० च्या मे महिन्यात, टेलिफोनवाल्यांनी शहराचे दोन भाग केले. मधल्या लंडनला ०७१, बाहेरच्याला ०८१. कार्डं फेकायला जीव होईना, म्हणून यांनी एकेका कार्डावरचं ०१ निळ्या पेनने खोडून ०८१ केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा अशी दोनअडीचशे खोडलेली कार्डं एका डब्यात होती आणि त्यांच्या पाठीवर मी कित्येक वर्षं वाण्याच्या याद्या केल्या. मुंबईत फोन नंबरांच्या आधी दोनचा आकडा लागला तेव्हा लोकांनी दुकानांच्या पाट्या रंगवून घेतल्या, तशातलाच प्रकार. १९९५ मध्ये पुन्हा बदललं, ०१७१ झालं. म्हणजे ०७१ हा कोड जगला पाच वर्षं, मे १९९० ते एप्रिल १९९५.

१९८७ च्या मार्चमध्ये छापलेल्या कागदावर तो असणं शक्य नव्हतं.

मी यांना उठवलं. रात्रीचे साडेबारा. “अहो, आपला जुना नंबर कधी बदलला?” हे झोपेत म्हणाले, “वर्ल्ड कपच्या आधी, नव्वदच्या,” आणि कूस बदलली. मी तरी तारीख शोधून काढली: ६ मे १९९०. कायद्याची रेघ ६ ऑगस्ट १९९०. मधे बरोबर तीन महिने. पावती करणाऱ्याने ऑगस्टची रेघ पक्की लक्षात ठेवली होती, तिच्यापासून लांब राहायला तीन वर्षं मागे गेला होता, आणि मेची रेघ विसरला होता.

दुसऱ्या दिवशी फोन केला. दुकानदार जराही डगमगला नाही. मूळ पावती ओल लागून खराब झाली होती, त्या दुकानाने नंतर नव्या कागदावर नक्कल करून दिली, असं म्हणाला. मी म्हटलं, हरकत नाही, तेवढं लेखी द्या. ते ग्राहकाला विचारावं लागेल. मग मी विचारते, ग्राहकाचं नाव द्या. ते गोपनीय. मग मी घेत नाही, माझे चारशे ऐंशी पौंड परत करा. इथे पहिल्यांदा त्याचा आवाज बदलला. प्रयोगशाळेचा खर्च, तीन आठवडे वस्तू अडवून ठेवल्याचा खर्च, असं काहीबाही बोलू लागला. पैसे परत मिळायला पाच आठवडे आणि सात ईमेल लागले, आणि आले ते चारशे दहाच.

ब्रिटिश म्यूझियमकडे मेसोपोटेमियातल्या उर शहराची एक मातीची पाटी आहे, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेली तक्रार: चांगल्या लगडी देतो म्हणालास, वाईट पुढे केल्यास, आणि माझ्या माणसाला अपमान करून परत पाठवलंस. सातवा ईमेल लिहिताना मला नान्नीचं फार पटलं.

पैशांची भानगड चालू असतानाच एका शनिवारी मी म्यूझियममध्ये गेले. कशाला, तर निरोप घ्यायला म्हणा. छप्पन्न क्रमांकाच्या दालनात मेसोपोटेमिया आहे. तिथे अल-उबैदच्या देवळातला तांब्याचा बैल उभा आहे, दोनेक फूट उंच, साडेचार हजार वर्षांचा. निनहुरसाग देवीच्या देवळाच्या दर्शनी भागात असे बैल ओळीने होते; लिओनार्ड वूली यांच्या पथकाने १९२३-२४ मध्ये ते काढले. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते, कारण तो ओतीव नाही. लाकडाच्या गाभ्यावर तांब्याचा पत्रा ठोकून, खिळे मारून बसवलेला. ठोकून! म्हणजे आमच्या आळीतलं काम. आजोबा असते तर काचेला नाक लावून जोड कुठे आहे ते शोधत बसले असते.

हा बैल इथे कसा आला, याचीही एक कथा आहेच. ब्रिटिशांच्या अमलाखालच्या इराकमध्ये, ब्रिटिशांनी केलेल्या वाटणीच्या नियमांनी. माझा या सगळ्याकडे बघण्याचा फार उदार दृष्टिकोन नाही. पण तो कुठल्या देवळाचा, कुठल्या बाजूचा, त्याच्या शेजारी काय होतं, हे लिहिलेलं आहे.

पुढच्या कपाटात उर-नम्मू राजाची छोटी तांब्याची मूर्ती होती, डोक्यावर माती भरलेली टोपली घेतलेली. राजा स्वतः टोपली वाहतोय, देवळाच्या पहिल्या विटेची माती. अशा मूर्ती देवळाच्या पायाभरणीत पुरायचे, विटांच्या पेटीत बंद करून, पुन्हा कोणी बघू नये अशा. त्याच्या शेजारी आणखी काही, खाली निमुळते होत गेलेले, जमिनीत ठोकायच्या खुंट्यांसारखे. वर मूर्ती, खाली खिळा.

मी फोन काढला आणि त्या खुंटाचा फोटो उघडला.

घरी येऊन रात्री पुस्तकं आणि संग्रहालयांची पानं चाळली. लगशच्या गुदेआ राजाच्या काळात, म्हणजे सुमारे चार हजार शंभर वर्षांपूर्वी, पायात पुरायचे हे खिळे तीन तऱ्हांचे होते: गुडघे टेकून खिळा धरलेला देव, टोपली वाहणारा माणूस, आणि वर बसलेला बैल. बैलाचे खिळे तेलोला म्हणजे जुन्या गिर्सूला सापडले, पॅरिसच्या लूव्रमध्ये आहेत. पाय दुमडलेले, बसलेला, आणि पोटाखालून सरळ खाली जाणारा खिळा. माझ्या फोटोतला खुंट बोटभर राहिला होता, एवढंच. त्याच उन्हाळ्यात बातमी आली होती की २००३ मध्ये लंडनच्या एका विक्रेत्याकडून पोलिसांनी जप्त केलेल्या आठ वस्तू म्यूझियमने तेलोच्या म्हणून ओळखल्या आणि इराकला परत केल्या. त्यातल्या मातीच्या शंकूंवर देवळाचं नावच कोरलेलं होतं. मी ती बातमी ट्रेनमध्ये वाचली होती आणि विसरले होते.

बैठकीत रोवायचा पाय, म्हणे.

आपल्याकडे वास्तुशांतीला वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात, तोंड खाली करून, आणि वर फरशी बसवतात. पुण्याच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा मी आठ वर्षांची होते. ती इवलीशी प्रतिमा आजोबांनीच करून दिली होती, आणि मी तिच्याशी खेळायला मागितली म्हणून आजीने हातावर चापट मारली होती. आता हा बैल खोटा निघावा असं मला वाटू लागलं होतं. एखाद्या चलाख ओताऱ्याने मागच्या वर्षी ओतलेला, कानात माती कोंबलेला. तसं असतं तर फक्त माझे सत्तर पौंड गेले असते.

स्कॉटलंड यार्डात कला आणि पुरावस्तूंचे गुन्हे बघणारं एक छोटं पथक आहे. त्यांना मी सगळं लिहिलं: फोटो, पावतीची प्रत, फोन कोडच्या दोन तारखा, यांच्या एका खोडलेल्या कार्डाचा फोटोसुद्धा जोडला. चार दिवसांनी एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. त्याने नीट ऐकून घेतलं, मधेच विचारलं, “कार्डाची मूळ प्रत आहे का तुमच्याकडे?” आहे म्हटलं, पाठीवर तूरडाळ दोन किलो लिहिलंय. तो हसला आणि कार्ड फेकू नका म्हणाला. नंतर संदर्भ क्रमांकासह पत्र आलं. तपासाबद्दल ते काही सांगत नाहीत, ते ठीकच आहे.

डिसेंबरात त्या रस्त्याने जाणं झालं. काचेमागे हिरव्या बनातीवर बैलाच्या जागी एक रोमन दिवा होता. मी आत गेले नाही.

रविवारी आईचा फोन असतो. तिला बैलाचं पहिल्यापासून माहीत होतं, त्यामुळे सगळं सविस्तर सांगावं लागलं. फोन कोडची गोष्ट तिला फार आवडली, ती मला दोनदा सांगायला लावली. पायात पुरायच्या खिळ्याचं सांगितल्यावर मात्र ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं लाइन गेली.

“आणि त्याचं खालचं टोक गं?” तिने विचारलं. “मोडलेलं?”

म्हटलं, असेल अजून तिथेच, जमिनीत.

“असू दे,” आई म्हणाली, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला उठली.